पहिल्या फेरीचा मान

"नुसतं बसवायचं, ओवाळायचं आणि उतरवायचं. गाडी हलायच्या आधी लेक माझ्या कडेवर पाहिजे."

एवढ्या बोलीवर पूर्णिमा तयार झाली होती. सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी, देव्हाऱ्याकडे हात करून "दिला शब्द" म्हटलं होतं. आप्पासाहेब शब्दाचे पक्के. फक्त समोर हिंमतराव नसले तर.

हिंमतराव शेजारच्या गावचे. गावं म्हणायची ती जुन्या सवयीनं. दोन्ही कधीच पुणे महापालिकेत गेली, उसाच्या जागी सोसायट्या उगवल्या. पण या दोन घरांमधली चुरस काही कुठल्या हद्दीत विलीन झाली नाही. तिचं मूळ जत्रेत. आप्पासाहेबांच्या वडिलांनी एका वर्षी आकाशपाळणेवाल्याला आपलं रान फुकट दिलं. पुढच्या वर्षी हिंमतरावांच्या वडिलांनी त्याहून उंच पाळणा आणवला, वर मौत का कुआँ. पुढे जमिनींना भाव आले, भाऊबंदांनी बिल्डर गाठले, या दोघांनी मात्र हट्टानं रानं राखली आणि त्यांवर पार्क काढले. आप्पासाहेबांचा 'मोरपंख', हिंमतरावांची 'नवलनगरी'.

इकडे घसरगुंड्यांचा तलाव झाला की तिकडे लाटांचा. तिकडे बर्फाचं घर निघालं की इकडे त्याहून गार, इतकं गार की कोथरूडचे एक आजोबा बाहेर येऊन गेटवर म्हणाले, "सर्दी घरी फुकट होते हो. तुम्ही तिकीट लावलंत, धन्य आहे." मग हिंमतरावांनी डायनासोर उभा केला. घाईत तो गणपतीच्या मूर्तिकाराकडून करून घेतला. धड भयंकर जमलं, पण डोळे असे काही प्रेमळ उतरले की येणाऱ्या बायका त्याच्यापुढे नकळत हात जोडायच्या. आप्पासाहेब ती गोष्ट आल्यागेल्याला सांगत आणि स्वतःच ठसका लागेपर्यंत हसत.

पूर्णिमालाही आधी मजाच वाटायची. माहेरी, कोथरूडला गेली की ती हे सगळं रंगवून सांगे आणि घरचे पोट धरून हसत. मग लेक झाली, संस्कृती. लेकरू रांगायला लागलं तशी घरातली प्रत्येक कड पूर्णिमाला टोकदार दिसायला लागली, आणि पार्कातल्या उंच गोष्टी आणखी उंच झाल्या.

आताची गोष्ट सगळ्यांत उंच होती. 'गरुडझेप'. साखळीनं रुळांवरून वर ओढली जाणारी, माथ्यावर क्षणभर थबकणारी आणि मग सरळ खाली सुटणारी गाडी. हिंमतरावांचीही तसलीच उभी राहत होती, उद्घाटन पुढच्या आठवड्यात. म्हणून आप्पासाहेबांना अक्षय्य तृतीया गाठायचीच होती.

आणि मोरपंखची एक रीत होती. नवी राइड आली की पहिली फेरी घरच्या लेकराची. "आपलं लेकरू आधी बसलं की लोक बिनघोर बसत्यात," हे आप्पासाहेबांचं धोरण. पहिल्या घसरगुंडीवरून पूर्णिमाचा नवरा रणजित असाच सोडला होता, चड्डीवर, गळ्यात हार घालून. आता मान त्याच्या लेकीचा.

संस्कृती साडेपाच वर्षांची. राइडच्या दाराशी उंची मोजायला मोर रंगवलेला होता. ज्याचं डोकं मोराच्या चोचीला लागेल त्यानंच आत जायचं. पूर्णिमानं तिला हळूच तिथे नेऊन उभी केली. डोकं मोराच्या मानेपाशी राहिलं.

"टाचा उचलू का आई?" संस्कृतीनं विचारलं.

"नको गं राणी. टाचा टेकूनच मोजायचं असतं."

राइडचा सगळा कारभार पार्कच्या इंजिनिअरकडे, पुष्करकडे. महिनाभर तो वाळूची पोती बसवून गाडी फिरवत होता. पूर्णिमानं त्याला गाठलं.

"वहिनी, गाडीत काही खोट नाही," तो म्हणाला. "पण लहान मूल पोत्यासारखं गप्प बसत नाही. ती नियमात बसत नाही, एवढंच मी सांगू शकतो."

"मग आप्पांना सांगा ना."

"मी सांगितलं. ते म्हणाले, डोक्यावर गजरा माळा, चोचीला लागंल."

रणजितनं तिची बाजू घेतली, पण निम्मीच. "मी शेजारी बसेन ना गं," तो म्हणाला. शेवटी पूर्णिमा स्वतः सासऱ्यांसमोर उभी राहिली आणि ती बोली ठरली: बसवायचं, ओवाळायचं, उतरवायचं. तरी झोप लागली की तिला स्वप्नात साखळीचा कटकट कटकट आवाज यायचा आणि ती दचकून शेजारी हात फिरवून बघायची. लेक असायची. घामेजलेली, आडवी झोपलेली, एक पाय बापाच्या पोटावर.

अक्षय्य तृतीयेला मांडव भरला होता. दोन्ही गावांची माणसं, सोसायट्यांमधली कुटुंबं, सनईची कॅसेट. हिंमतरावांना मानाचं आमंत्रण होतं. वैर वेगळं, रीत वेगळी. ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पहिल्या रांगेत बसून गरुडझेपेच्या खांबांकडे असे बघत होते, जसं कुणी दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नातलं जेवण बघतं.

गाडीच्या पहिल्या डब्यात रणजित आणि संस्कृती. लेकीला खणाचं परकर-पोलकं, कपाळावर चंद्रकोर. पूर्णिमा आरतीचं ताट घेऊन वाकली तशी सासू, तुळजाबाई, मागून म्हणाल्या, "अगं, पाट कुठाय? पाटाबिगर ओवाळत्यात व्हय? परक्यावानी?"

पाट आला. पूर्णिमानंच लेकीला उचललं, डब्याच्या आसनावर पाट ठेवला, वर खणाचा तुकडा अंथरला आणि तिला बसवली. आसनापेक्षा पाट रुंद होता, पुढून जरा बाहेर आला. औक्षण झालं. संस्कृती पाटावर बसून राणीसारखी मान वळवून सगळ्यांकडे बघत होती.

"चल सोनुल्या, उतर आता," पूर्णिमा म्हणाली.

तेवढ्यात हिंमतराव बसल्या जागेवरून बोलले. फार मोठ्यानं नाही. पण सनई नेमकी तेव्हाच थांबली होती.

"उतरवता व्हय आप्पासाहेब? नुसता फोटोच? बरोबर हाय. घरच्याच लेकराला भ्या वाटतंय म्हणल्यावर आमची पोरं कशाला धाडू आम्ही हिकडं?"

मांडवात कुणीतरी हसलं. आप्पासाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पूर्णिमानं ते बघितलं.

"आप्पा," ती पुटपुटली. "शब्द दिलाय तुम्ही."

त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. "कोण उतरवतंय?" ते गरजले. "पहिली फेरी मोरपंखच्या नातीची! पुष्कर, सोडा गाडी!"

मग सगळं एकदम झालं. कुणीतरी आडवा दांडा खाली ओढला, तो खट्कन बसला. मागच्या डब्यांत भाचे-पुतणे ओरडत चढले. तुळजाबाईंनी सुनेचा दंड धरून तिला मागे घेतलं, "हळद-कुंकवाचं ताट सांडशील!" नारळ फुटला. टाळ्या. गाडी हलली.

ताट हातात धरून पूर्णिमा उभी राहिली. बरं झालं, नाही, बरं नाही झालं, पण रणजित आहे शेजारी, दांडा बसलाय, त्याचा दिवा हिरवा आहे, बाकीची पोरं हसतायत, आपणच भित्र्या. ती स्वतःला समजावत होती आणि तिचं एक मन मात्र काहीतरी हुडकत होतं, गॅस चालू राहिला की काय असं घराबाहेर पडल्यावर आठवतं तसं. काहीतरी राहिलंय. काय राहिलंय?

पाट.

पाट लेकीच्या खालीच राहिला होता. दांडा बसला होता तो तिच्या मांड्यांवर नाही. पाटाच्या पुढे आलेल्या कडेवर. आणि खणाच्या तुकड्याखाली तो पाट कुणालाच दिसत नव्हता, पुष्करला तर नाहीच.

ताट कुठे पडलं तिला कळलं नाही. ती पुष्करच्या काचेच्या खोलीकडे धावली, साडी दोन्ही हातांनी वर धरून.

"थांबवा! पुष्कर, थांबवा!"

"वहिनी, हिरवा दिवा आहे, सगळे दांडे..."

"पाट आहे तिच्याखाली! दांडा पाटावर अडलाय!"

पुष्करनं पुढचं काही विचारलं नाही. लाल बटणावर त्याचा पंजाच पडला. साखळीचा कटकटाट थांबला. गाडी चढावर, अर्ध्या वाटेत, आभाळाकडे तोंड करून उभी राहिली. मांडवातल्या टाळ्याही थांबल्या.

"रणजित!" सासू-सासऱ्यांसमोर तिनं नवऱ्याला नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ. "रणजित, धर तिला!"

वरून त्याचा आवाज आला, ओळखू न येण्याइतका बारीक. "धरलंय. पाट सरकतोय गं. लवकर ये."

रुळांच्या बाजूनं दुरुस्तीसाठी लोखंडी जिना होता. पुष्कर पुढे, ती मागे. जिन्याच्या पायऱ्या जाळीच्या; त्यांतून खालची जमीन दिसत होती, म्हणून ती फक्त पुष्करच्या टाचांकडे बघत चढली. मागे कुणाचा तरी धापा टाकण्याचा आवाज येत होता. तो कुणाचा हे बघायला तिनं वळून पाहिलं नाही.

डबा मागे कलला होता. थांबतानाच्या हिसक्यानं पाट निसटून तिरका झाला होता, आणि संस्कृती दांड्याखालून अर्धी घसरून बापाच्या काखेत अडकली होती. रणजितनं एका हातानं तिचा परकर मुठीत आवळला होता. बोटं पांढरी पडली होती.

"आई, बाबा मला दाबतायत," संस्कृती कुरकुरली.

"हो गं. दाबू दे जरा."

पुष्करनं किल्लीनं दांडा सोडवला. पूर्णिमानं लेकीला छातीशी घेतलं, एका हातानं कठडा धरला, आणि तेव्हा तिला मागची धाप दिसली. आप्पासाहेब. दुखऱ्या गुडघ्यांनी ते एवढं चढून आले होते. त्यांनी पुष्करला दांडा पुन्हा पाटावर टेकवायला लावला आणि मधल्या फटीत आपला हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. मग हात बाहेर काढून ते बराच वेळ त्या हाताकडेच बघत राहिले.

"मीच ठेवला पाट," पूर्णिमा म्हणाली.

"तू उतरवणार होतीस," आप्पासाहेब म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी तो पाट काखेत मारला आणि ते पुढे होऊन एकेक पायरी उतरायला लागले. मागे पूर्णिमा, कडेवर लेक. त्यामागे रणजित आणि एकेक करून भाचे-पुतणे.

खाली हिंमतराव उठून उभे होते. "काय आप्पासाहेब, गरुडाला चक्कर आली का काय?"

सगळा मांडव ऐकत होता. पूर्णिमाला वाटलं, आता पुन्हा कान लाल होणार, पुन्हा काहीतरी सुटणार. तिनं लेकीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

आप्पासाहेब हिंमतरावांसमोर थांबले. पाट तसाच काखेत.

"तुमच्या गाडीवर पुढच्या आठवड्यात नातू बसणार हाय न्हवं?" ते म्हणाले. "केवढा हाय तो?"

"असंल सहा-एक वर्षांचा," हिंमतराव म्हणाले. "का?"

"बसवू नका, हिंमतराव. माझी आता वरून आणली. मांडीवर नव्हं, फळीवर बसला होता दांडा." आवाज फाटला तसे ते खाकरले. "माझं हसं करा. लई करा. पण त्याला बसवू नका."

हिंमतरावांनी पाटाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि खिशातून रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं. "पोरीला साखरपाणी द्या कुणीतरी," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

आप्पासाहेबांनी माइक घेतला. गरुडझेप आज बंद, कधी सुरू होईल ते पुष्कर ठरवतील, जेवण मात्र सगळ्यांनी करून जायचं. लोक कुजबुजत आमरसाच्या पंगतीकडे वळले. तुळजाबाई सांडलेलं हळदकुंकू पदरानं गोळा करत होत्या आणि सुनेकडे बघायचं टाळत होत्या. रणजित एका खुर्चीवर बसून आपली मूठ उघडायचा प्रयत्न करत होता.

पूर्णिमा लेकीला घेऊन मांडवामागे पाण्याच्या टाकीच्या सावलीत गेली आणि तिथेच जमिनीवर बसली. तिनं लेकीचे हात बघितले, गुडघे बघितले, पाठ बघितली. पोटरीवर एक ओरखडा होता. तेवढाच.

संस्कृतीनं तिचा हात झटकला.

"सगळ्यांसमोर उतरवलंस मला!" तिला रडू फुटलं. "माझा पहिला नंबर होता! मी वरून आपलं घर बघणार होते. आता दुसराच कुणीतरी पहिला होईल."

"होईल."

"मी तुझ्याशी बोलणार नाही. कधीच नाही."

"नको बोलूस," पूर्णिमा म्हणाली.

"आणि तू मला भरवायचं पण नाही. आजी भरवेल."

"बरं."

संस्कृतीनं पाठ फिरवली आणि आईकडे न बघता, फुरंगटून, तिच्याच गुडघ्याला टेकून बसली. परकराची निरी चुरगळली होती, बापाच्या मुठीची घडी त्यावर तशीच होती. पूर्णिमानं ती सारखी केली नाही. लेक रडता रडता श्वास आत ओढत होती, आणि तो श्वास गुडघ्याला लागत होता.