बरणी खाली टेकवायची नाही

"बाबा, ये क्या है?"

विमानतळावरच्या सुरक्षारक्षकानं ट्रेमधला टेस्टर विंचू उचलावा तसा दोन बोटांत धरून वर केला. भागुजीला हसू आलं. टेस्टर म्हणजे काय, असं विचारणारा माणूस त्याला तीस वर्षांत भेटला नव्हता.

"टेस्टर हाय साहेब. करंट देखने का. इसपे बोट ठेवा की बत्ती लगती."

"स्क्रू ड्रायवर है. नहीं जाएगा."

"अवो, बोटाएवढा तर हाय! त्यानं मी काय इमान खोलनार हाय का?"

रक्षकाला मराठी कळली की नाही कोण जाणे, पण टेस्टर मात्र बाजूच्या प्लास्टिकच्या पेटीत पडला. त्या पेटीत भागुजीचा नेलकटर, काळ्या टेपची गुंडाळी आणि खोबऱ्याच्या दोन वाट्या आधीच जाऊन पडल्या होत्या. खोबऱ्यात तेल असतं आणि ते पेट घेतं, असं त्या पोरसवद्या रक्षकानं मोठ्या गंभीरपणे समजावून सांगितलं. आमच्या घरी रोज वाटणात खोबरं असतं, अजून चूलसुद्धा भडकली नाही, असं भागुजीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सरकारी माणसाशी हुज्जत घालायची नाही, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं.

खोबऱ्याचं काही नव्हतं. टेस्टर गेल्याचं मात्र त्याला लागलं. नारायणगावात घेवरचंद शेठच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात तो कामाला लागला, त्या दिवशी शेठनं तो त्याच्या हातात दिला होता. तेव्हापासून सदरा कुठलाही असो, खिशाला टेस्टर असायचाच. येडगावच्या शिवारातल्या किती विहिरींवर आणि किती मोटारींवर त्यानं तो टेकवला असेल, याची गणतीच नाही. लेक अमृता सहावीत असताना त्याच टेस्टरनं तिनं पहिल्यांदा वीज पाहिली. आतला इवलासा दिवा लागला तशी हरखून गेली आणि टेस्टरच्या मुठीवर खिळ्यानं 'अ' कोरून बसली. पुढं ती इंजिनियर झाली. आता बंगळुरूला होती, आणि तिनंच पाठवलेल्या तिकिटावर भागुजी जन्मात पहिल्यांदा विमानात बसायला निघाला होता.

"और वो हाथ में क्या है?" रक्षकानं विचारलं.

भागुजीनं डावा हात आणखी आवळून धरला. त्या हाताच्या कवेत, फडक्यात बांधलेली बरणी होती. ती तेवढी त्यानं ट्रेमध्ये ठेवली नव्हती. कारण ही बरणी जिच्यासाठी आहे तिच्या हातात पडेपर्यंत खाली टेकवायची नाही, असं औषध देणाऱ्या वैदूनं बजावलं होतं. म्हणून ती सामानात टाकता आली नाही. येडगावहून नारायणगावपर्यंत जीपमध्ये आणि तिथून पुढं एसटीत ती भागुजीच्या मांडीवर बसून आली होती. मंचरच्या स्टँडवर तर तो तिला काखेत घेऊनच मुतारीत जाऊन आला.

बरणीत मूल होण्याचं औषध होतं.

अमृताच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी अवसरीला एका हळदीत तिच्या मावशीनं, म्हणजे आई कोंडाबाईच्या थोरल्या बहिणीनं, ठमाबाईनं, भर मांडवात तिचा हात धरून विचारलं होतं, "दोष कुनाचा हाय गं, तुझा का त्याचा?" अमृता ताटावरून उठली आणि त्याच रात्रीच्या गाडीनं निघून गेली. चार महिने फोन नाही. पुढं फोन सुरू झाले, पण गावाकडं तिनं पाऊल टाकलं नाही ते नाहीच. आणि आता अचानक तिकीट आलं. "आबा, तुम्ही या. आठ दिवस राहा. फक्त तो विषय नको."

नेमका तोच विषय भागुजीच्या काखेत होता.

त्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच अंगारे-धुपारे आणि नवस-सायास उंबऱ्याबाहेर काढले होते. पण ठमाबाई काही कमी नव्हती. "ह्ये देवाचं न्हाई, झाडपाल्याचं हाय," म्हणाली आणि वैदूकडची बरणी बहिणीच्या पदरात टाकून गेली. कोंडाबाईचे गुडघे धरलेले, तिला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. मग तिनं नवऱ्याकडून वचन घेतलं, की पहिला चमचा लेकीला तुमच्या देखत खायला घालायचा. भागुजीला नाही म्हणता आलं नाही. बाप लेकीला असलं औषध कसं देतो, आणि कोणत्या तोंडानं, याचा विचार करत त्यानं चार दिवस काढले. दिलं असतं तर लेक पुन्हा तुटली असती. फेकून दिलं असतं तर बायकोला दिलेला शब्द मोडला असता.

"दवा हाय," तो म्हणाला.

रक्षकानं झाकण उघडून वास घेतला आणि मान मागं घेतली. "पेस्ट है. डॉक्टर की चिट्ठी है?"

चिठ्ठी होती. विमानात औषधाला चिठ्ठी लागते, असं शेजारच्या कपिलनं सांगितलं होतं आणि कोंडाबाईनं वैदूकडून शिक्क्यासकट लिहून आणवली होती. भागुजीचा हात खिशाकडे गेला. टेस्टर गेल्यावर खिशात आता ती घडी तेवढी उरली होती. बोटांना कागद लागला.

मागं रांग खोळंबली होती.

"चिठ्ठी न्हाई साब," भागुजी म्हणाला.

आणि इतका वेळ खोबऱ्यालाही न सोडणारा तो रक्षक नेमका इथं विरघळला. म्हाताऱ्याचा पांढरा पडलेला चेहरा पाहून त्याला काय वाटलं असेल ते असो. "कोई बात नहीं बाबा. घर पे फोन लगाओ, फोटो मँगवा लो. मैं रुकता हूँ."

"न्हाई, न्हाई!" भागुजी जवळजवळ ओरडलाच. "फोटो नको. नियम म्हंजे नियम. आप ठेवून घ्या." मग जरा घुटमळून म्हणाला, "फक्त नीचे मत रखना. जमिनीला नको टेकू द्या."

रक्षकानं खांदे उडवले आणि बरणी टेबलावरच्या पेटीत, टेस्टरशेजारी ठेवली. भागुजीचा जीव भांड्यात पडला. कवेतला हात इतका अवघडला होता की सरळ करायला दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागला.

आत खुर्चीत टेकल्यावर त्यानं घरी फोन लावला. कोंडाबाईशी तो कधी खोटं बोलला नव्हता. साधुत्व वगैरे काही नाही, त्याला ते जमतच नव्हतं.

"पोचला का आत?"

"पोचलो. बरनी घेतली काढून."

"अगं बया! आन् चिठ्ठी?"

"चिठ्ठी खिशात हाय. म्या दाखवलीच न्हाई."

पलीकडं म्हैस हंबरली.

"बरं केलं," कोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "आक्कानं लई गळ घातली व्हती, मला न्हाई म्हनता आलं न्हाई. पोरीनं परत तोंड फिरवलं असतं, तर मी कुनाकडं बघायचं व्हतं?"

"आक्काला काय सांगशील?"

"सांगीन, सरकारनं घेतली म्हनून. सरकारशी कोन भांडनार हाय?"

दोघंही हसली. अशी एकत्र हसून त्यांना बरेच दिवस झाले होते.

बंगळुरूला अमृता विमानतळाच्या दाराबाहेरच उभी होती. तिनं आधी बापाच्या दोन्ही हातांकडं पाहिलं. एका हातात पिशवी होती, दुसरा मोकळा होता.

"मावशीचा फोन आला होता, आबा. तुमच्या हाती बरणी पाठवलीय म्हणाली."

"ती घेतली त्यांनी काढून."

अमृताचे खांदे सैल पडले. "चार रात्री झोपले नाही मी," ती म्हणाली. "तुम्ही पुढं केली असती तर तुम्हाला काय बोलले असते, या भीतीनं." ती हसायला लागली आणि हसताहसताच तिनं डोळे पुसले.

मग तिची नजर त्याच्या खिशावर गेली. "टेस्टर कुठंय?"

"त्योबी घेतला."

तिचं हसू थांबलं. "त्याच्यावर 'अ' होता."

"व्हता की." भागुजीनं उगीच खिसा झटकला. "जाऊ दे. बरनीसंगं गेला, सोबतीला."

अमृतानं पर्समधून स्वतःचा पेन काढला, बापाच्या खिशाला नीट अडकवला आणि त्याच्या हातातली पिशवी घेऊन चालू लागली.

पेन टेस्टरपेक्षा बराच हलका होता. गाडीपर्यंत जाताना भागुजीनं दोनदा हात लावून तो जागेवर असल्याची खात्री करून घेतली.