आईच्या वळणावर

शर्टांच्या कारखान्यात ती हाताने बटणं लावायची. बारा वर्षांत तिने लावलेलं एकही बटण सुटून परत आलं नव्हतं. त्या वर्षी मात्र तिला सुईत दोरा ओवता येईना. बोटं थरथरत, पंख्याखाली बसूनही पाठ घामाने भिजे, छातीत धडधडे. दोन माणसांचं जेवत होती, तरी कपडे अंगावर लोंबू लागले. घरी वडील म्हणायचे, "आईच्या वळणावर गेलीय." एक दिवस कामावर बाजूला बसणाऱ्या बाईच्या साध्या बोलण्यावर तिने कात्री भिरकावली, तेव्हा मुकादमाने तिला दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला हात पुढे धरायला लावले, डोळे बघितले, गळ्यावर बोटं ठेवून आवंढा गिळायला सांगितला. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय. शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीला डिवचतेय. गोळ्यांनी आटोक्यात येईल. मग सहज विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का?

तिला आई आठवली. वटारल्यासारखे डोळे, पोटभर जेवूनही काडीसारखं अंग, नाकावर राग. ती सात वर्षांची असताना आईला वेडी ठरवून मावशीकडे नेऊन सोडलं होतं. तिथेच दोन वर्षांनी एका दुपारी आईचं हृदय बंद पडलं.

ती तडक मावशीकडे गेली. मावशी म्हणाली, आईला इकडे आणण्याआधीच एका डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. चिठ्ठी वडिलांकडेच दिली होती.

संध्याकाळी वडील तिचा रिपोर्ट बराच वेळ वाचत बसले.

"तेव्हा असलं काही कळत नव्हतं कुणाला," ते म्हणाले.

"डॉक्टरांना कळलं होतं. चिठ्ठी तुमच्या हातात होती."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. "तुझी आजी म्हणाली, वेड काय रक्तात दिसतं का? मी वाद घातला नाही." मग त्यांनी विचारलं, "गोळ्यांनी बरं होतं?"

"होतं."

वडिलांनी उठून हात धुतले आणि जेवायला वाढ म्हणाले.

तीन महिन्यांत तिच्या हातांची थरथर थांबली, अंग भरलं. एकदा कामावरून परतताना वडिलांचा आवाज तिला जिन्यातच ऐकू आला. ते वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगत होते, पोरीला वेळेवर डॉक्टरकडे नेलं म्हणून निभावलं, अशा बाबतीत हयगय करून चालत नाही.

ती तशीच खाली उतरली. त्याच आठवड्यात तिने मावशीच्या घराजवळ खोली घेतली.