दुसऱ्या मजल्यावरची खिडकी

बॉबिन हातातून निसटली आणि फरशीवर गडगडत पलंगाखाली गेली. घरांच्या दलालाने फोन ठेवल्यापासून ही पडदे शिवणारी बाई शिलाई मशीनपुढे नुसती बसून होती.

"शाळेसमोरची इमारत, दुसरा मजला, दोन खोल्या. आजच या ताई!" फोनवर आधी असं गोड बोलणारा माणूस. सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "सध्या कुठे राहता?"

"पुलापलीकडे."

"अरेरे, ते घर सकाळीच गेलं हो!"

शाळा फक्त त्या भागातल्या मुलांना घ्यायची. तिथला पत्ता दाखवायची मुदत शनिवारी संपत होती आणि लेकीचा पहिलीतला प्रवेश त्या दोन खोल्यांवर अडला होता.

दुसऱ्या दिवशी पडद्यांच्या कामाला बोलावणं आलं. मालकीणबाई तिच्या सहा वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक, पण या वेळी पत्ता त्यांच्या दुसऱ्या घराचा होता. लेकीचं बोट धरून दिलेला पत्ता शोधत ती पोचली, तर शाळेसमोरचीच इमारत, मजलाही तोच, दुसरा. घर रिकामं. भिंतींना ताजा रंग.

"भाडेकरू ठरले का, बाई?" खिडकीला टेप लावत तिने जपून विचारलं.

"कुठले! चांगली माणसं मिळेपर्यंत पडदे तरी लावू म्हटलं, घर उठून दिसेल. काल पुलापलीकडची कोणीतरी मागे लागली होती म्हणे. दलाल हुशार, परस्पर वाटेला लावली."

तिने टेप खिडकीवरून काढून गळ्यात टाकली.

"ती मीच, बाई."

मालकीणबाई गडबडल्या, मग हसल्या. "अगं, तुझी गोष्ट वेगळी. तू तर घरातलीच."

"मग द्या की घर."

"कामाला येणं वेगळं, राहायला येणं वेगळं. माझं काही नाही गं, पण शेजारीपाजारी? तुमच्यासारख्यांना एकदा दार उघडलं की..."

"तुमच्या राहत्या घरी निजायच्या खोलीत शिडीवर चढते मी. तुमच्या उशांचे अभ्रे माझ्या हातचे. तेव्हा कुठे जातात हो शेजारी?" तिचा आवाज चढला. "माणूस कुठल्या वस्तीतलं ते बघून घर नाकारता येत नाही. कायदा आहे तसा."

"कायदा कचेरीत. घर माझं आहे."

तिने मापांची वही उघडली. तारीख टाकली, वेळ टाकली आणि बाई बोलल्या ते शब्दाला शब्द उतरवलं.

"काय लिहितेस गं?"

"तुम्ही बोललात तेच. तक्रारीला लागेल. आणि खिडक्यांना दुसरी पडदेवाली बघा."

लेकीला घेऊन ती जिन्यात आली. तक्रार उद्याच करायची, हे पक्कं होतं. पण तक्रारीचा निकाल काही शनिवारच्या आत लागणार नव्हता. ती पायरीवर टेकली. लेकीने शेजारी बसून तिच्या गळ्यातली टेप नीट गुंडाळायला घेतली.

"आई," गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "आपल्यासारखी म्हणजे कशी माणसं गं?"