अध्यक्षांचा चष्मा

वीज सहकारी संस्थेचं अध्यक्षपद बेकरीवाल्याच्या गळ्यात पडलं, ते बरंचसं त्याने त्या दिवशी सभेला पाव पोचवायला स्वतः यायचं ठरवलं म्हणून. जुन्या अध्यक्षांना लेकीने आपल्याकडे नेलं होतं, खुर्ची रिकामी होती, कोणीतरी म्हणालं की हा शब्दाचा पक्का आहे, आणि बेकरीवाला रिकामा ट्रे कुठे टेकवावा याच्या शोधात असताना टाळ्या वाजल्यासुद्धा. आजूबाजूच्या खेड्यांत ज्याच्या घरी मीटर, तो संस्थेचा सभासद. त्या सगळ्यांच्या डोक्यावर आता हा.

माणूस भला होता आणि भल्या माणसांचं होतं तसं त्याने काम मनावर घेतलं. खांब कुठले कुजले, तारा कुठे लोंबतात, रोहित्रातून तेल कुठे गळतं, हे तो वायरमनबरोबर फिरून बघून आला. दर महिन्याच्या सभेत संचालकांपुढे ठराव स्वतः वाचायचा, अगदी खणखणीत. वाचून झालं की चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, कारण तो नुसता वाचायचा चष्मा. त्यातून समोरची माणसं धूसर दिसत. मग सगळ्यांकडे नीट बघून विचारायचा, "मग, काय म्हणता?"

आणि ठराव पडायचा.

कार्यालयाच्या जिन्यात दिवा लावायचा ठराव पडला. वीज विकणारी संस्था, आणि तिच्या जिन्यात माणसं चाचपडत चढतात, तरी पडला. वायरमनना नवे रबरी हातमोजे द्यायचा ठरावही पडला. उलट व्यवस्थापकाने फिरत्या खुर्च्यांचा ठराव वाचला, बेकरीवाला बिचारा चष्म्यातून कागदावर बोट फिरवत एकेक ओळ पडताळत बसला, आणि तो एकमताने मंजूर झाला. बाहेर आल्यावर हेच लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हातमोज्यांचा विषय मात्र चांगला काढलात हो." बेकरीवाल्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. हे लोक आपल्याला खेळवतायत की आपल्यालाच काही कळत नाही?

"तुमच्या विचारण्यातच काहीतरी असेल," बायको म्हणाली. "मला लग्नाचं विचारलंत तेव्हाही मला वाटलं होतं, मी नाही म्हणावं असंच तुम्हाला हवंय की काय."

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग वरच्या वस्तीचा विषय आला. तिथल्या लाइनचे खांब पार गेले होते. एक तर सगळी लाइन नव्याने ओढायची, नाहीतर ती काढून टाकून घरोघर सौर पॅनेल द्यायचं. पॅनेलवर दिवे लागले असते, पंखा फिरला असता. पिठाची गिरणी फिरली नसती. आणि वस्तीवर गिरणी एकच होती, बेकरीवाल्याच्या अक्काची. आई गेल्यावर अक्काने त्याला त्या गिरणीवर वाढवलं होतं. बेकरीची पहिली भट्टीही त्याच पिठावर उभी राहिली. नवी लाइन ओढायचा हा ठराव पडून चालणार नव्हतं.

म्हणून सभेच्या आधी त्याने संचालकांतल्या कोंबडीवाल्याला त्याच्या शेडवरच गाठलं. "एकदाच खरं सांगा. हातमोज्यांना विरोध का केलात?"

कोंबडीवाला खाद्याची बादली घेऊन उभाच राहिला. "म्हणजे काय? तुम्ही चष्मा काढलात ना."

"काढला. मग?"

"अहो, मग काय! जुन्या अध्यक्षांना कोणाला तोंडावर नाही म्हणणं जमायचं नाही. विषय नको असला की ते चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. आम्ही काय ते समजायचो. तुम्हीही तसंच करता. मला तर नवल वाटायचं, स्वतःच वाचता आणि स्वतःच पाडता. म्हटलं, असेल काहीतरी राजकारण."

बेकरीवाला आधी पोट धरून हसला. मग हसू ओसरलं. "पण तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं? हातमोजे द्यावेत की नाही?"

कोंबडीवाल्याने मनापासून विचार केला. "मला? मी तिथे मला काय वाटतं ते बघायला कुठे जातो?"

परत येताना बेकरीवाल्याला काही सुचेना. हातात जादूची किल्ली आली होती. चष्मा नाकावर ठेवायचा, की लाइन अक्काची. इतकं सोपं काम मिळाल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. त्याला मात्र कसंतरीच होत होतं, आणि का ते कळत नव्हतं.

सभेच्या दिवशी अक्का जिना चढून आली आणि कार्यालयाबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. "होईल ना रे आज?"

"होईल," तो म्हणाला.

त्याने ठराव वाचला. चष्मा काढला नाही. मान वर करून विचारलं, "मग, काय म्हणता?" समोर चेहऱ्यांचे नुसते पांढुरके ठिपके. या संचालकांत नर्सबाई कोण, सायकलवाला कोण, काही उमगेना. ठिपक्यांच्या बाजूने हात हलायला लागले, एकाचं बघून दुसरा.

"थांबा," तो म्हणाला. "गिरणी माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. मी बाहेर बसतो. तुमचं तुम्ही ठरवा." आणि त्याने चष्मा काढून सरळ खिशात टाकला.

"अध्यक्ष," कोंबडीवाला कासावीस होऊन म्हणाला, "खिशात म्हणजे आम्ही काय समजायचं?"

"काहीच समजू नका."

तो अक्काशेजारी येऊन बसला. आत खुर्ची सरकली. मग नर्सबाईंचा आवाज आला, असा आवाज त्याने वर्षभरात ऐकला नव्हता. दवाखान्याची लाइन सारखी बंद पडते, लशी फेकून द्याव्या लागतात, पैसे एकाच लाइनपुरते आहेत तर आधी ती बदला, असं त्या म्हणत होत्या. ही गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. कोणी कधी बोललंच नव्हतं. सायकलवाला वस्तीच्या बाजूने ओरडला. व्यवस्थापक दोघांना गप्प करायला गेला आणि दोघांच्या शिव्या खाऊन बसला. ते चक्क भांडत होते. बेकरीवाल्याला आत कुठेतरी इतकं बरं वाटलं की त्याला अक्काकडे बघायची लाज वाटली.

अखेर कोंबडीवाला घाम पुसत बाहेर आला. "दवाखान्याची लाइन आधी. वस्तीला पॅनेल. तुमचा ठराव एका मताने पडला." मग जरा ताठ होऊन म्हणाला, "मी वस्तीसाठी हात वर केला होता. माझ्या मनाने केला." तो आत गेला.

अक्काने विचारलं, "तू आत असतास तर?"

खोटं बोलता आलं असतं. "तर नवी लाइन मिळाली असती," तो म्हणाला.

"मग बाहेर का आलास?"

ती चिडली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. सभासद, संस्था, प्रत्येकाचं मत, असं बरंच काही त्याच्या मनात होतं आणि ते चुकीचंही नव्हतं. पण समोर पिठाने पांढरी झालेली तिची नखं होती. आपण चांगलं वागलो की बहिणीचा गळा कापला, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"अध्यक्ष, पुढचा विषय," आतून हाक आली.

"जा, बोलावतायत तुला," अक्का उठत म्हणाली. "मीही निघते. तारा उतरवायच्या आधी आलेली दळणं संपवायला हवीत."

ती जिना उतरायला लागली. तो उठला, पण तिच्या मागे जावं की आत, हे त्याला समजेना.