अर्ध्या पेन्शनचा केक

बासष्टावं सरलं तसं हिल्काने अर्धी पेन्शन घ्यायचं ठरवलं. आठवड्याचे तीन दिवस काम, बाकीचे गुडघ्यांना. फिरत्या वाचनालयाच्या बसची पायरी चढून-उतरून गुडघे कुरकुरायला लागले होते, पण बस सोडायचा धीर होत नव्हता.

वाचनालयाची साहेबीण म्हणाली, "माझी काही हरकत नाही. पण तीन दिवस तू आणि दोन दिवस नवी बाई, हे ताइस्तोला पटायला हवं. त्याला विचारून शुक्रवारी संध्याकाळी तुला सांगते. नाही म्हणाला तर बस नव्या बाईकडे, आणि तू इथे कचेरीत."

ताइस्तो म्हणजे ड्रायव्हर. अकरा वर्षं शेजारी बसून या बाबाने 'हं' आणि 'रस्ता निसरडा आहे' यापलीकडे क्वचितच तोंड उघडलं असेल. बडबड सगळी हिल्काची. अशा माणसाला तरुण, गप्प बाई मिळाली तर तो कशाला नको म्हणेल? विचारायचीही सोय नव्हती. असल्या गोष्टी इथे कुणी तोंडावर विचारत नाही.

नोकरी सोडणाऱ्याने स्वतःच केक आणायचा, हा शिरस्ता. अर्धी सोडणाऱ्याने काय करायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. शुक्रवारी हिल्का केक घेऊनच आली.

दहाच्या कॉफीला ताइस्तोने बस तळ्याकाठी उभी केली. हिल्काने डबा उघडला. केक बघून तो कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे पूर्णच चाललीस?"

"अरे, ऐक तर..."

"काय ऐकू? तीन दिवस येणार म्हणून सांगितलं मला! मी साहेबिणीला लेखी दिलंय!"

"काय दिलंयस?"

"तीन दिवस तर तीन दिवस. एक दिवस दिलात तरी चालेल, पण हिल्का हवी. असं लिहिलंय, खाली सही करून. वरच्या वाडीतली म्हातारी काय माझा हॉर्न ऐकून बाहेर येते? तुझ्याशी चार शब्द बोलायला येते. नव्या बाईला हे कोण शिकवणार, मी? आणि तू खुशाल केक घेऊन उभी!"

हिल्काने डब्याचं झाकण खाली ठेवलं. एका दमात इतकं बोलताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"मी सोमवारी येतेय, ताइस्तो."

"मग केक कशाचा?"

"तू काय म्हणशील, ठाऊक नव्हतं. नाही म्हणालास तर आजचा दिवस बसवरचा शेवटचा होता. आणि हो म्हणालास तरी तुझे आभार मानायचे राहिलेच होते की! अकरा हिवाळे मला धड घरी पोचवलंस."

 ताइस्तोचा राग ओसरला होता, पण तो केकला हात लावेना.

"तू गेली असतीस," तो शेवटी म्हणाला, "तर मी बोललो कुणाशी असतो?"

हिल्काला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण एकट्याच बोलतोय, असं तिला वाटत आलं होतं.