मूत्राशयाला एकच चीर

नडियादच्या त्या रुग्णालयात डॉ. निरंजन मजमुदारांनी दीड हजार किडन्या बसवल्या होत्या आणि प्रत्येकीची मूत्रवाहिनी एकाच रीतीने जोडली होती. मूत्राशय मधोमध उघडायचा, वाहिनी आत ओढून आतून टाके घालायचे, मग मूत्राशय पुन्हा शिवायचा. त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेल्या डॉ. तोरल वसावडाला हे खिडकी बसवायला भिंत पाडण्यासारखं वाटे. तिचं म्हणणं, बाहेरूनच बोटभर चीर द्यावी, वाहिनी तिथे जोडावी आणि वर स्नायूचं पांघरूण घालावं.

साहेबांनी नाही म्हटलं नाही. माणूस मोठा धूर्त. संमतीची सही देणारे साठ रुग्ण घे म्हणाले, अर्धे तुझ्या रीतीने, अर्धे माझ्या. कोणाला कुठली, ते बंद पाकीट ठरवील. तुझ्याकडे तीन जणांची लघवी पोटात गळली, की तुझी रीत या रुग्णालयातून कायमची बंद. एकोणसाठ झाले, तेव्हा साहेबांकडे तीन गळत्या होत्या आणि तोरलकडे दोन. शेवटची तरुलता तोरलच्या वाट्याला आली.

तरुलताला किडनी दिली होती तिच्या सासूने. "बारा वर्षं हिला माझ्या डब्यांना हात लावू दिला नाही," गजराबा वॉर्डभर सांगत फिरत, "आता माझी किडनीच घेऊन बसली."

सहाव्या दिवशी लघवीची नळी काढली आणि दुपारपर्यंत पोटात ठेवलेल्या दुसऱ्या नळीची बाटली पिवळसर पाण्याने अर्धी भरली. लघवीची नळी निघाल्यावर बाटली भरली की पोट उघडायचं, असा तिथला रिवाजच होता. साहेबांनी थिएटर तयार करायला सांगितलं. पण तरुलताला दुखत नव्हतं आणि सकाळपासून ती पाच वेळा लघवीला जाऊन आली होती. तोरलने तासभर मागितला. बाटलीतलं पाणी तपासू या, लघवी असेल तर किडनी बाहेर टाकते ते क्रिएटिनिन त्यात रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त निघेल, असं तिचं म्हणणं.

"तीस वर्षं मला नुसत्या डोळ्यांनी कळतंय," साहेब म्हणाले.

"तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे, साहेब. पण पोट तरुलताबेनचं आहे."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि एक तास दिला.

एवढ्यात गजराबा कुशीतल्या टाक्यांवर हात दाबत हजर झाल्या. तोरलने काही न लपवता सगळं सांगितलं. म्हातारी सुनेच्या खाटेवर बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "वहू, ऊठ. अजून एकदा जाऊन ये आणि दाखव या साहेबांना."

तरुलता गेली आणि पाऊण भांडं भरून आली. गजराबांनी ते साहेबांच्या नाकासमोर धरलं.

अहवाल आला. रक्तात एक पूर्णांक चार, बाटलीतही एक पूर्णांक चार. ती लघवी नव्हतीच. शस्त्रक्रियेनंतर कधीकधी पाझरतं तसलं अंगातलं पाणी होतं, आपोआप थांबणारं. तोरलला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण ती साहेबांकडे बघत राहिली. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि नोंदवही मागवली.

"तुझी दुसरी गळती," ते सावकाश म्हणाले. "तू रजेवर होतीस. पोट मी उघडलं. भोक सापडलं नाही. तरी दोन टाके घातले आणि गळती लिहिली. इतकी वर्षं अशी किती लिहिली असतील, कोण जाणे."

त्यांनी ती ओळ खोडली आणि शेजारी सही केली. तोरलकडे एकच गळती उरली.

"सोमवारी शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या माझ्या बाजूला तू उभी राहा," साहेब म्हणाले. "मी मदतनीस म्हणून समोर राहीन. ते बाहेरचे टाके मला शिकव."