बोटाचा रकाना

स्वमग्न मुलांना घेणारा तो एकच बालवर्ग होता, आणि त्यालाही आधी बोलती मुलं हवी होती. निदान बोटानं तरी. ‘मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवते का?’ असा फॉर्मवर रकानाच होता.

चार वर्षांची मैना बोट दाखवत नसे. तहान लागली की ती आईचं मनगट धरी, नळापाशी नेई आणि आईचाच हात तोटीवर ठेवी. तिचं बोलणं ओठांत नव्हतं, बोटांत नव्हतं. ते दुसऱ्याच्या मनगटात होतं.

आत्यानं तीन आठवडे शिकवणी घेतली. दिवा कुठाय, दार कुठाय, पाखरू कुठाय. आजोबा चष्मा बोटानं दाखवू लागले, बाबा मीठ बोटानं मागू लागले. घर सगळं तयार झालं, मैना तेवढी राहिली.

प्रवेशाच्या परीक्षेला बालवर्गाच्या मॅडमनी साबणाच्या फुग्यांची बाटली कपाटावर ठेवली आणि पेन सरसावून बसल्या. मैनेनं त्यांचं मनगट धरून त्यांना कपाटाशी नेलं. मॅडमनी बाटली काढून दिली, जागेवर आल्या, रकान्यात फुली मारली. झाकण घट्ट होतं. मैनेनं त्यांना पुन्हा उठवलं, त्यांचा हात झाकणावर ठेवला. झाकण उघडलं; दुसरी फुली. मग पंख्याची करकर तिला सोसेना. तिनं त्यांना बटणापर्यंत ओढलं. पंखा थांबला, आणि घामाघूम मॅडमनी तिसरी फुली मारली.

मैना त्यांच्या अगदी तोंडाशी येऊन म्हणाली, “आवाज येतोय का?” घरून काम करणारे बाबा फोनवर दिवसभर हेच विचारत. आपल्याकडे कुणी बघावंसं वाटलं की मैनाही तेच म्हणे.

“येतोय, येतोय,” म्हणत मॅडमनी लिहिलं : निरर्थक बडबड.

मग त्यांनी आईला मायेनं समजावलं, की मुलगी संवाद साधत नाही, पुढच्या वर्षी बघू.

आई म्हणाली, “मॅडम, तिनं तुम्हाला तीनदा उठवलं. माझ्या सांगण्यावरून आमच्या घरात कुणी एकदाही उठत नाही.”

मॅडमना हसायचं नव्हतं, पण हसू आलं. त्यांनी फॉर्म वरून खाली पाहिला. मनगटाला कुठं रकाना नव्हता. कडेला समास होता, तिथं त्या बारीक अक्षरात लिहू लागल्या. एवढ्यात मैनेनं तो लिहिता हातच धरला आणि दाराकडे ओढला. ओळ वाकडी गेली.

“थांब गं बाई,” मॅडम तिला म्हणाल्या, “तुझाच प्रवेश लिहितेय.”